टाळ्यांनी घाव भरत नाहीत

२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत केंद्र सरकारच्या वतीने एक लेखी उत्तर देण्यात आले. प्राणवायूच्या अभावी रुग्ण दगावल्याची स्वतंत्र नोंद कोणत्याही राज्याने वा केंद्रशासित प्रदेशाने केंद्राला कळवलेली नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. ज्या राज्यमंत्र्यांच्या नावे हे उत्तर आले, त्या नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेल्या होत्या. आणि बरोबर तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिल २०२१ रोजी, त्याच नाशिकमध्ये महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीला गळती लागली होती, पुरवठा खंडित झाला होता आणि २२ रुग्ण त्या दिवशी गुदमरून मेले होते.

या उत्तरात तांत्रिकदृष्ट्या खोटे काहीच नव्हते, अशी मखलाशी करणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. राज्यांनी कळवले नाही म्हणून केंद्राने सांगितले नाही. नाशिकला गळती होती, टंचाई नव्हती. मृत्यूच्या दाखल्यावर ‘प्राणवायूचा अभाव’ असे कारण कोणी लिहीत नसते. हे सारे कागदोपत्री खरे आहे. महाराष्ट्रात त्या वेळी केंद्रातील सत्ताधाऱ्यांच्या विरोधकांचे सरकार होते, पण त्याचीही भूमिका याहून निराळी नव्हती. एरवी प्रत्येक गोष्टीवरून एकमेकांच्या उरावर बसणाऱ्यांचे एवढ्या एका बाबतीत मात्र एकमत झाले. परंतु ज्या परिचारिकेने त्या दुपारी या खाटेकडून त्या खाटेकडे धावत, नातेवाइकांच्या आकांतात, हाती लागेल तो सिलिंडर जोडण्याची धडपड केली, तिच्या लेखी या उत्तराचा अर्थ एकच होता : तुझ्या डोळ्यांदेखत जे घडले, ते घडलेच नाही.

नाशिकनंतर तीनच आठवड्यांनी गोव्यात याचीच पुनरावृत्ती झाली. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मे २०२१ मध्ये पहाटे दोन ते सहा या वेळात रुग्ण दगावत होते, कारण त्या वेळात प्राणवायूचा दाब कमी पडत होता. एकट्या ११ मे रोजी २६ रुग्ण मेल्याचे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. निवासी डॉक्टरांच्या संघटनेने प्राणवायूच्या तुटवड्याबद्दल वरिष्ठांना लेखी कळवले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला यात लक्ष घालावे लागले. मुख्यमंत्री एक सांगत होते, आरोग्यमंत्री दुसरेच. आणि दररोज रात्री पाळीवर येणाऱ्या तरुण डॉक्टरला पहाटे दोन वाजता काय होणार आहे हे आधीच ठाऊक असे, आणि ते टाळण्याचे एकही साधन त्याच्या हाती नसे.

महामारीने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनावर कोणते घाव केले याची चर्चा करायची, तर ती या दोन ठिकाणांपासून सुरू झाली पाहिजे. कारण या चर्चेवर आज ज्यांनी कब्जा केला आहे ते सारा दोष विषाणूच्या माथी मारतात आणि सारा उपाय कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मनोबलात शोधतात. वस्तुस्थिती अशी आहे की, विषाणूने जेवढे घाव केले त्याहून खोल घाव साधनांच्या तुटवड्याने, अपुऱ्या मनुष्यबळाने, कंत्राटी नोकरीने आणि घडले ते नाकारणाऱ्या सरकारी वृत्तीने केले. म्हणूनच हा घाव म्हणजे कोणा एकाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे, तो व्यावसायिक आजार आहे. त्याची भरपाई कायद्याने मिळाली पाहिजे, आणि तो ज्या परिस्थितीतून उद्भवतो ती परिस्थिती कामगार चळवळीने बदलायला भाग पाडले पाहिजे.

थकवा निराळा, घाव निराळा

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. सरकारी परिपत्रके आणि खासगी रुग्णालयांचे व्यवस्थापन या विषयाला ‘थकवा’ म्हणतात, ‘ताण’ म्हणतात. थकवा रजेने आणि झोपेने जातो. ज्याला वैद्यकशास्त्र आघातोत्तर तणाव विकार म्हणते, तो रजेने जात नाही. दोन-तीन वर्षांनंतरही यंत्राची घंटा वाजली की छाती धडधडू लागते. एका विशिष्ट वॉर्डाच्या दारातून आत पाऊल टाकवत नाही. झोपेत तोच चेहरा पुन्हा पुन्हा येतो. घरातल्या माणसांवर विनाकारण राग निघतो. किंवा त्याच्या उलट, कशाचेच काही वाटेनासे होते. या लक्षणांना नाव आहे, निदानाचे निकष आहेत आणि उपचारही आहेत.

आरोग्य कर्मचाऱ्याच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. तिला अभ्यासक ‘नैतिक घाव’ म्हणतात. जे करणे योग्य आहे हे माणसाला पुरते ठाऊक असते, ते करण्याचे शिक्षण त्याच्यापाशी असते, पण ते त्याला करू दिले जात नाही. आणि परिणामी होणारा मृत्यू त्याच्या हातून झाल्यासारखा त्याच्या मनात घर करून राहतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत खाट एक आणि रुग्ण अनेक असताना ती कोणाला द्यायची हे ठरवण्याची वेळ पंचविशीतल्या निवासी डॉक्टरांवर आली. आप्तांना आत येण्याची बंदी असल्यामुळे मरणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर फोन धरून त्याच्या मुलाबाळांशी शेवटची भेट घडवून आणण्याचे काम परिचारिकांनी केले. मृतदेह गुंडाळून बांधण्याचे काम कक्षसेवकांनी आणि सफाई कामगारांनी केले. पीपीई किट घालून सहा-सहा, आठ-आठ तास पाणी न पिता, लघवीला न जाता, मासिक पाळीच्या दिवसांतही तसेच उभे राहून हे काम झाले. यातील शरीराचे कष्ट विसरता येतात. ‘माझ्या हातून तो वाचला असता’ हा विचार विसरता येत नाही. आणि तो वाचला असता हे पुष्कळदा खरेही असते, फक्त त्याला न वाचवणारे हात दुसऱ्याच कोणाचे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने मृत्युमुखी पडले. जे जगले त्यांच्यापैकी निदान चौथा हिस्सा चिंता, नैराश्य वा मानसिक गळाठा यांच्या लक्षणांनी ग्रासलेला होता, असे २०२२ साली त्याच संघटनेने पुढे आणलेल्या अहवालात नमूद आहे. भारतात मात्र मेलेल्यांचीच गणती झाली नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे अशी आकडेवारी केंद्राकडे ठेवली जात नाही, असे सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगण्यात आले. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनला आपल्या ३८२ मृत डॉक्टरांची यादी स्वतः प्रसिद्ध करावी लागली. डॉक्टरांना निदान यादी करणारी संघटना तरी होती. मेलेल्या आयांची, कक्षसेवकांची, रुग्णवाहिकाचालकांची यादी कोणी केली? आणि जिथे मेलेल्यांची मोजदाद नाही, तिथे मनाने मोडलेल्यांची मोजदाद कोण करणार?

फुले, दिवे आणि कायदे

राज्यकर्त्यांनी काही केलेच नाही असे म्हणता येणार नाही. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. ५ एप्रिलला दिवे लागले. ३ मे रोजी वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. त्याच सुमारास काही रुग्णालयांतील डॉक्टर संरक्षक पोशाखाऐवजी रेनकोट घालून काम करत होते. मुंबई सेंट्रलच्या एका खासगी रुग्णालयातील २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात बाधित झाल्यामुळे ते सारे रुग्णालय बंद करावे लागले. दिल्लीत उत्तर महापालिकेच्या रुग्णालयांतील डॉक्टरांना महिनोन्महिने पगार मिळाला नाही आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना उपोषणाला बसावे लागले. डॉक्टरांच्या वेतनाचा आणि विलगीकरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा लढाईत सैनिकांना नाराज करून चालत नाही, अशा आशयाचे बोल जून २०२० मध्ये न्यायालयाला सरकारला सुनवावे लागले.

सैनिकाची ही उपमा सरकारलाही फार प्रिय होती. ‘कोरोना योद्धे’ हा शब्द त्यातूनच आला. परंतु योद्धा म्हटले की मरण गृहीत धरले जाते आणि तक्रार हा भित्रेपणा ठरतो. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने ज्यांची मने मोडली, त्यांच्यापैकी अनेकांना ब्रिटिश लष्कराने भित्रे ठरवले. भित्रेपणा, पळपुटेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी मिळायला २००६ साल उजाडावे लागले. आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत स्थान मिळाले ते १९८० साली, आणि तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी एकत्र येऊन, आपले अनुभव उघडपणे मांडून, लढा दिला म्हणून. म्हणजे मनावरचा घाव हा खराखुरा घाव आहे ही मान्यताच मुळात संघटित संघर्षाची कमाई आहे. ती कोणा सरकारने दयाबुद्धीने दिलेली नाही.

भारतातील कायद्यांकडे पाहिले म्हणजे हा संघर्ष येथे अजून व्हायचा आहे हे ध्यानात येते. मुंबई-पुण्यात प्लेग पसरला तेव्हा इंग्रज सरकारने १८९७ साली साथरोग कायदा केला. लोकांना ताब्यात कसे ठेवायचे एवढाच त्याचा विचार होता. सव्वाशे वर्षांनी, २०२० साली, त्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कारावास, अशी तरतूद आली. हल्ले होत होते आणि त्यांना पायबंद हवाच होता, यात वाद नाही. पण या दुरुस्तीने कर्मचाऱ्याला हल्लेखोराविरुद्ध संरक्षण दिले, मालकाविरुद्ध काहीच दिले नाही. मुखपट्टी न पुरवणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. तीन परिचारिकांचे काम एकीला सांगणाऱ्याला शिक्षा नाही. ज्या नातेवाइकाला खाट मिळाली नाही आणि ज्या परिचारिकेला ती देता आली नाही, ते दोघेही एकाच तुटवड्याचे बळी आहेत. कायद्याने त्या दोघांना समोरासमोर उभे केले आणि तुटवडा निर्माण करणारा पडद्याआड राहिला.

विम्याचीही तीच कथा. ३० मार्च २०२० पासून २२ लाख १२ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर झाले. त्यात आशा आणि सफाई कामगारही होते, हे मान्य केले पाहिजे. पण ते कशासाठी? मृत्यूसाठी. कर्मचारी मेला तर वारसाला ५० लाख; जगला आणि रात्रीची झोप, नोकरी, संसार गमावून बसला तर एक छदामही नाही.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी होती. आरोग्यसेवेत जडणारे संसर्गजन्य रोग त्यात होते. मनाचा एकही आजार नव्हता. हा कायदा पोटात घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही मनाला त्या यादीबाहेरच ठेवले. याउलट आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१० सालीच आपल्या व्यावसायिक आजारांच्या सूचीत आघातोत्तर तणाव विकाराचा नावानिशी समावेश केलेला आहे. दहा वर्षे हाताशी असताना आणि महामारी समोर दिसत असताना तो शब्द भारतीय कायद्यात का आला नाही, याचे उत्तर सत्ताधाऱ्यांनी द्यावे.

उतरंड आणि तिचा तळ

जातिव्यवस्थेप्रमाणे रुग्णालयाचीही एक उतरंड असते, आणि दुःखाची वाटणीही त्याच उतरंडीने होते. डॉक्टर निदान आपल्या मनाच्या अवस्थेबद्दल बोलू शकतो, लिहू शकतो. परिचारिका बोलली तर ‘सेवाभाव कमी पडला’ असे ऐकते. कंत्राटी आया बोलली तर दुसऱ्या दिवशी तिचे कंत्राट संपते. मोठमोठ्या मैदानांत उभारलेल्या कोविड केंद्रांतील हजारो कर्मचारी कंत्राटावरच होते. १०० दिवस कोविड सेवा करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल, अशी घोषणा ३ मे २०२१ रोजी झाली. त्या १०० दिवसांनंतर त्यांच्या मनाचे काय होईल, याचा विचार त्या घोषणेत नव्हता. लाट ओसरली, केंद्रे उठली, आणि ज्यांनी आयुष्यात सर्वाधिक मृत्यू त्या काही महिन्यांत पाहिले ती माणसे कोणत्याही हजेरीपटावर उरली नाहीत. त्यांच्या उपचाराची जबाबदारी आता कोणावर?

या उतरंडीच्या अगदी तळाशी आशा आहे. महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे ७० हजार. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली तेव्हाच तिला ‘स्वयंसेविका’ हे गोंडस नाव देऊन कामगार म्हणून मिळणाऱ्या हक्कांतून वगळण्यात आले. महामारीत तिने दारोदार फिरून ताप मोजला, बाहेरगावाहून आलेल्यांच्या नोंदी केल्या, लोकांना तपासणीला पाठवले. ज्या गल्लीत तिचे घर, त्याच गल्लीत ‘हिच्यामुळे माणसे उचलून नेतात’ असे शिव्याशाप तिने ऐकले. रुग्णालयातील कर्मचारी पाळी संपवून निदान घरी तरी जातो. आशाचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण. या कोविडच्या कामासाठी केंद्राने तिला देऊ केले महिना १ हजार रुपये. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांनी संप केला, तेव्हा कुठे १ हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, तेव्हा त्याच सरकारांनी अभिनंदनाचे ठराव आणि संदेश काढले. योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन द्यावे, ही भारतीय श्रमपरिषदेची २०१३ सालची शिफारस मात्र अजूनही धूळ खात आहे. जिला कायदा कामगारच मानत नाही, तिला व्यावसायिक आजार तरी कसा होणार?

दोष कोणाचा, बळी कोण

घाव चिघळण्याचे आणखी एक कारण आहे. काही विपरीत घडले की व्यवस्था हाताला लागणारा सर्वांत जवळचा कर्मचारी पकडते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० अर्भके मेली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण मेले. एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. कोणाची व्यक्तिगत चूक झाली असेल तर तिची चौकशी अवश्य व्हावी. पण आगीपासून बचावाच्या यंत्रणेसाठी पैसा कोणी दिला नाही, पदे वर्षानुवर्षे रिकामी कोणी ठेवली, या प्रश्नांवर कोणाला हातकड्या पडल्याचे ऐकिवात नाही.

महामारी सरली तरी ही रीत सरली नाही. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांतील २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात १२ नवजात बालकांसह २४ रुग्ण दगावले. त्यावर सत्ताधारी आघाडीच्या एका खासदाराने काय केले? आदिवासी समाजातून आलेल्या अधिष्ठात्याच्या हाती झाडू देऊन त्याला शौचालय साफ करायला लावले आणि त्याची छायाचित्रे निघू दिली. औषधे का नव्हती, माणसे का नव्हती, हे मुंबईत मंत्रालयात विचारायचे प्रश्न होते.

अशा व्यवस्थेने मग मनःस्वास्थ्यासाठी काय दिले? १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक दिला. तो निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. संकटात सापडलेल्या कोणालाही तो आधार देऊ शकतो. पण ज्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, तेथे सलग ३६ तास जागलेल्या निवासी डॉक्टरने स्वतःच फोन करून स्वतःला सावरावे, ही अपेक्षा क्रूर आहे. निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ४८ असावेत, असे केंद्राच्या निवासी योजनेत १९९२ सालीच म्हटले होते. कारखान्यातील कामगाराला ४८ तासांची मर्यादा १९४८ च्या कायद्याने मिळाली. आणि २०२४ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठीच नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाने कमाल मर्यादा सुचवली ती ७४ तासांची! आजार बरा करायला आलेल्या वैद्याने विषाचीच मात्रा ठरवून द्यावी, तसा हा प्रकार आहे.

वास्तविक, या साऱ्याची पूर्वसूचना मिळालेली होती. २००३ साली कॅनडातील टोरांटो शहरात सार्सची साथ आली. ४४ माणसे मेली, त्यांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होते. साथ संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनीही तेथील रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांत मानसिक त्रास टिकून असल्याचे अभ्यासांतून दिसले. न्यायमूर्ती कॅम्पबेल आयोगाने कर्मचाऱ्यांच्या साक्षी घेऊन मोठा अहवाल सिद्ध केला आणि त्यातून एक तत्त्व ठासून मांडले : धोक्याचा शास्त्रीय पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबू नका, कर्मचाऱ्याचे संरक्षण आधी करा. भारतात अशी साक्ष कोणी घेतली? कोणत्या आयोगापुढे नाशिकच्या परिचारिकेने, बांबोळीच्या निवासी डॉक्टरने आपण काय पाहिले ते सांगितले?

चळवळीपुढचे काम

येथे कामगार चळवळीतील एका समजुतीचाही समाचार घेतला पाहिजे. मनाचे आजार हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत, कष्टकऱ्याला वेतन आणि नोकरीची हमी मिळाली की मन आपोआप ताळ्यावर येते, असे मानणारे कार्यकर्ते पुष्कळ आहेत. महामारीतील बहुतेक मागणीपत्रांत भत्ता होता, विमा होता, मुखपट्ट्या होत्या. मनावरच्या घावाचे नाव क्वचितच होते. हे योग्य नव्हे. गिरणगावात एके काळी कापसाच्या धुळीने कामगारांच्या छात्या भरत आणि मालक त्याला विडीचा खोकला म्हणत. तो खोकला गिरणीने दिलेला आजार आहे, हे शास्त्राने सिद्ध केले आणि कायद्याच्या यादीत बिसिनोसिस हे नाव दाखल झाले. तेव्हा कोणी असे म्हणाले नाही की, पगार वाढवा म्हणजे फुप्फुस बरे होईल. मनही शरीराइतकेच कामगाराचे आहे आणि मालक त्याचाही तितकाच वापर करून घेतो. किंबहुना रुग्णसेवेत मालक जे विकत घेतो, त्यात ममता, धीर आणि सहनशक्ती यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. जे विकत घेतले त्याची झीज भरून देणे त्याला भागच पाडले पाहिजे.

दुसरीकडून सेवाभावाचा दाखला दिला जातो. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी मृत्यू पावल्या. त्यांचे नाव घेऊन परिचारिकांना त्यागाचे धडे देणाऱ्यांना हे सांगितले पाहिजे की, सावित्रीबाईंनी तो धोका स्वतःच्या निर्णयाने पत्करला, तोही इंग्रज सरकारची प्लेगव्यवस्था लोकांवर जुलूम करत असताना. एका स्त्रीने स्वेच्छेने केलेले समर्पण हे लाखो स्त्रियांवर लादण्याच्या सक्तीचे समर्थन होऊ शकत नाही. सावित्रीबाईंचा खरा वारसा अन्यायाला नाव देण्याचा आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. आघातोत्तर तणाव विकाराचा समावेश व्यावसायिक आजारांच्या अनुसूचीत व्हावा, आणि साथीच्या काळात रुग्णसेवा केलेल्या कर्मचाऱ्याला तो झाल्यास तो कामामुळेच झाला असे कायद्याने गृहीत धरावे. सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नसावे. उपचार मोफत, गोपनीय आणि पगारी रजेसह मिळावेत, आणि त्यांची नोंद बढतीच्या वा नूतनीकरणाच्या आड येऊ नये. कंत्राटी कर्मचारी आणि आशा यांना हे सर्व हक्क पूर्ण लागू व्हावेत. आशांना कामगार म्हणून मान्यता मिळावी. रिक्त पदे भरली जावीत आणि किती रुग्णांमागे किती परिचारिका याचे प्रमाण शिफारशीच्या कागदावर न राहता कायद्याने बंधनकारक व्हावे. सार्वजनिक आरोग्यावर २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करण्याचे वचन २०१७ च्या आरोग्य धोरणाने दिले होते. ते पाळले गेले नाही. त्याचा जाब विचारला जावा.

आणि शेवटची मागणी सरकारकडे करून थांबण्याजोगी नाही. २०२० आणि २०२१ मध्ये रुग्णालयांत काय घडले त्याची साक्ष नोंदवली गेली पाहिजे. आघाताने मोडलेल्या मनाच्या उपचारात पहिली पायरीच अशी असते की, जे घडले ते घडले असे कोणीतरी ऐकून, मानून घेणे. संसदेच्या पटलावर ज्यांचा अनुभव नाकारला गेला, त्यांना एकेकटे समुपदेशकाकडे धाडून ही पायरी गाठता येणार नाही. सरकार आयोग नेमणार नसेल तर संघटनांनी जिल्ह्याजिल्ह्यात जनसुनावण्या घ्याव्यात. परिचारिका, आया, कक्षसेवक, सफाई कामगार, रुग्णवाहिकाचालक, आशा, निवासी डॉक्टर यांना तेथे बोलावे. ज्यांना नाव सांगण्याची भीती वाटते त्यांची साक्ष नावाविना घ्यावी. ज्यांचे आप्त त्या वॉर्डांत मेले त्या नातेवाइकांनाही त्याच सभेत बोलवावे. गुन्ह्याचे कलम लावून ज्यांना एकमेकांसमोर उभे केले गेले, ते दोघे एका सतरंजीवर बसले म्हणजे प्राणवायू कोणी तोडला याचा शोध बरोबर दिशेने सुरू होईल.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येणार यात शंका नाही. त्या वेळी वॉर्डात उभी राहणार ती याच परिचारिकांची फळी असेल. तोवर त्यांचे घाव भरलेले असतील की त्याच घावांवर नवे घाव बसतील, हे संघटित शक्तीने आता काय केले त्यावर अवलंबून राहील. टाळ्या वाजवणारे पुन्हा टाळ्या वाजवतीलच. त्याआधी त्यांच्या हाती हिशेबाचा कागद ठेवण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.